सँडो बनियनमधला 'सँडो' नेमका कोण होता? आणि तो खरंच किती ताकदवान होता?

दुकानात जाऊन आपण सहज म्हणतो, "एक सँडो द्या." बिनबाह्यांची बनियन म्हणजे सँडो, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की हे एका माणसाचं नाव आहे, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा माणूस म्हणजे युजेन सँडो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'जगातला सर्वात बलवान माणूस' म्हणून याचीच जाहिरात व्हायची.

पण ती जाहिरात खरी होती का? जिममध्ये आज कुणी बेंच प्रेसचा आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न येतो, तुझं वजन किती? सँडोला हाच प्रश्न विचारला तर त्याची गोष्ट जरा वेगळी दिसायला लागते.

त्याचं मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. जन्म 2 एप्रिल 1867, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. हे शहर आज रशियात आहे आणि कॅलिनिनग्राड म्हणून ओळखलं जातं. सक्तीची लष्करी नोकरी टाळायला तो घर सोडून पळाला आणि सर्कशीत कसरती करत युरोपभर फिरला. ब्रसेल्समध्ये त्याला लुई डुर्लाखर भेटला. 'प्रोफेसर अटिला' या नावानं हा माणूस व्यायाम शिकवायचा. त्यानं या देखण्या पोराला जड वजनं उचलायला शिकवलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती लोकांसमोर कशी उचलायची हे शिकवलं.

1889 साली लंडनमध्ये सॅम्सन नावाचा पहिलवान रोज रात्री मंचावरून आव्हान द्यायचा. मला हरवा आणि पैसे घेऊन जा! सँडो गेला, आधी त्याच्या चेल्याला हरवलं, मग खुद्द सॅम्सनला. एका आठवड्यात लंडनभर नाव झालं. पुढच्याच वर्षी हर्क्युलीस मॅककॅनशी झालेल्या सामन्यात मात्र पंचांनी निकाल सँडोच्या विरोधात दिला. हा पराभव लोक पटकन विसरले. लोकप्रिय माणसाचं असंच असतं.

1893 मध्ये तो अमेरिकेत गेला. तिथे हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. डडली सार्जंट यांनी टेप घेऊन त्याचं अंग न् अंग मोजलं. सार्जंटनी हजारो विद्यार्थ्यांची मापं घेतली होती, पण इतकं घडवलेलं शरीर पाहिलं नसल्याचं मत त्यांनी दिलं. उंची साधारण 5 फूट 8 इंच, वजन 180 पौंड, म्हणजे जवळपास 82 किलो. हा आकडा लक्षात ठेवा.

त्या काळी एका हाताची ताकद दाखवायला 'बेंट प्रेस' करायचे. यात बारबेल खांद्यापाशी आणायचा, पण वर ढकलायचा नाही. उलट आपलंच शरीर दुसऱ्या बाजूला वाकवत वजनाच्या खाली न्यायचं. शरीर खाली जातं, तसा हात सरळ होतो. मग वजन तोलून धरत उभं राहायचं. यात पाठ, कंबर आणि तोल यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे आजच्या बेंच प्रेसशी याची थेट तुलना करू नका. यात सँडोचं सर्वोत्तम वजन 250 ते 270 पौंडांच्या दरम्यान धरलं जातं. किलोत 113 ते 122. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दीडपटीपर्यंत, तेही एका हातानं. भारीच.

पण मग आला आर्थर सॅक्सन. हाही जर्मनच. फेब्रुवारी 1898 मध्ये शेफील्डला सॅक्सन मंडळींचा खेळ चालू असताना सँडो प्रेक्षकांतून उठून मंचावर गेला आणि त्यांचं आव्हान स्वीकारलं. सॅक्सन तेव्हा अवघा 19 वर्षांचा होता. सँडोनं ते वजन नीट पूर्ण केलं की नाही, यावरूनच वाद पेटला. सॅक्सन मंडळींनी 'आम्ही सँडोला हरवलं' अशी जाहिरात सुरू केली, सँडो कोर्टात गेला आणि खटला जिंकला.

कोर्टात जिंकला, पण बारबेलसमोर? पुढे सॅक्सननं बेंट प्रेसमध्ये 370 पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास 168 किलो वजन वर नेलं. त्याचं स्वतःचं वजन सुमारे 91 किलो. भागाकार केला तर 1.85 पट येतो.

आता तुम्ही म्हणाल, सॅक्सन वजनानं जास्त होता, मग जास्त उचलणारच. इथेच गंमत आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. शरीराची उंची, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं तर वजन आठपट होईल, पण स्नायूचा छेद फक्त चौपट. त्यामुळे माणूस जितका वजनदार, तितकी 'वजनाच्या किती पट' ही मोजणी त्याच्या विरोधात जाते. 60 किलोचा माणूस 60 किलो उचलत असेल, तर तशाच तयारीच्या 120 किलोच्या माणसाकडून साधारण 95 किलोची अपेक्षा ठेवायची, 120 ची नाही. वजनी गट याचसाठी असतात. या हिशेबानं सँडोचं वजन सॅक्सनएवढं असतं, तर तो फार तर 131 किलोपर्यंत गेला असता. सॅक्सन 168! म्हणजे वजनाचा फरक धरूनही सॅक्सन खूपच पुढे.

सँडोला हे कळलं नसेल असं वाटत नाही. कारण त्यानं खेळाचे नियमच बदलले. 14 सप्टेंबर 1901 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल पंचांमध्ये होते. या स्पर्धेत कुणाला वजन उचलायला लावलं नाही. गुण होते बांधा, प्रमाणबद्धता आणि आरोग्याला. आजही मिस्टर ऑलिम्पिया जिंकणाऱ्याला जो पुतळा देतात, तो सँडोचाच. गंमत म्हणजे मंचावर अवजड वजनं उचलणारा हा माणूस सामान्य लोकांना मात्र हलके डंबेल्स वापरायला सांगायचा, आणि ते विकायचाही.

या विक्रीचं एक गिऱ्हाईक थेट आपल्याकडचं. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1897 च्या सुमारास सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि जवळपास दहा वर्षं नेमानं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. नंतर मिरजेच्या राजेसाहेबांच्या सुचवण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे त्याचे सर्वात मोठे प्रचारक झाले. सूर्यनमस्कारात ना डंबेल, ना बारबेल. हातांवर पेलायचं ते स्वतःचंच वजन. 1904-05 मध्ये सँडो स्वतः भारतात येऊन खेळ करून गेला.

1911 मध्ये ब्रिटनच्या राजानं त्याला व्यायामाचा प्राध्यापक नेमलं. 14 ऑक्टोबर 1925 ला, 58 व्या वर्षी तो गेला. खड्ड्यात गेलेली मोटार एका हातानं उचलताना मेंदूत रक्तस्राव झाला, ही कथा खूप पसरली. प्रत्यक्षात मृत्यूचं कारण महाधमनीचा फुगवटा असं नोंदवलं गेलं. सॅक्सन त्याच्याआधीच, 1921 मध्ये 43 व्या वर्षी वारला होता.

बायकोच्या इच्छेमुळे लंडनच्या पटनी व्हेल दफनभूमीतल्या सँडोच्या कबरीवर नाव लावलं गेलं नाही. कित्येक दशकं ती तशीच होती. 2008 मध्ये त्याच्या खापरपणतूनं तिथे गुलाबी वालुकाश्माचा दीड टनाचा दगड बसवला. त्यावर एकच शब्द आहे, सँडो.