कार्ल टर्झागी: मातीतल्या पाण्याचा हिशोब मांडणारा इंजिनिअर

जुलै २०२१मध्ये कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरड घरावर कोसळली आणि पाच जणांचा जीव गेला. अशी बातमी आली की आपण म्हणतो, पावसाने माती निसरडी झाली म्हणून घसरली. मीही तसंच समजायचो. हे कारण का चुकीचं आहे ते कार्ल टर्झागी यांनी दाखवलं.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३चा, प्रागमधला. शिक्षण ग्राट्सला आणि तेही मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं (ब्रांच बदलणारे आपणच पहिले नाही!). बांधकामांवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकायची. लोखंडाचं गणित चोख मांडता यायचं, पण पायाखालच्या मातीचं सगळं अंदाजावर.

१९१६मध्ये ते इस्तंबूलला शिकवायला गेले. महायुद्धानंतर तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात जमेल त्या सामानातून प्रयोगशाळा उभी केली आणि ओली चिकणमाती दाबून बघायला लागले. लक्षात आलं की माती लगेच दबत नाही. टाकलेला भार आधी कणांमधलं पाणी झेलतं; ते हळूहळू निघून गेलं की मग तो कणांवर येतो. खरी गोम इथे आहे. उतारावरची माती मुख्यतः टिकते ती कण एकमेकांवर दाबले गेल्यामुळे, घर्षणामुळे. आता आपल्याकडचा डोंगर घ्या: वर माती-मुरूम, खाली काळा कातळ. मुसळधार पावसाचं पाणी मुरतं, कातळावर साचतं, त्याचा दाब वाढतो आणि तो कणांना उचलून धरतो. मातीचं वजन कमी होत नाही, उलट थोडं वाढतंच, पण पकड सुटते. म्हणजे पाणी इथे तेलाचं नाही, जॅकचं काम करतं.

१९२५मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि मृदा यांत्रिकी हा विषयच उभा राहिला. १९३६मध्ये व्हिएन्नातले प्राध्यापक फिलुंगर यांनी पत्रक छापून त्यांच्या या कामावर जाहीर हल्ला केला. चौकशीत टर्झागींची बाजू खरी ठरली. मार्च १९३७मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. मातीतल्या पाण्याच्या समीकरणावरून इथवर जाऊ शकतं, हे वाचून मी सुन्न झालो.

पुढे टर्झागी अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९५०मध्ये दरडींवर लिहिताना त्यांनी निसरडेपणाची समजूत स्पष्टपणे खोडून काढली. २५ ऑक्टोबर १९६३ला ते गेले. कॅनडातल्या त्यांच्या एका धरणाला नंतर त्यांचंच नाव दिलं.

ठाणे-कल्याण भागात डोंगराला टेकून बांधलेल्या संरक्षक भिंती बघा. त्यात ओळीने पाइपची तोंडं असतात, भिंतीमागचा हाच दाब उतरवायला. जोरदार पावसानंतर त्यातून पाणी ठिबकत असेल तर बरं. कुणी सिमेंटने किंवा कचऱ्याने ती बुजवली असतील, तर ते पाणी भिंतीमागे साचत जातं.