पाच विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा : कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस

निरनिराळे पांढरे क्षार एकत्र मिसळले, की त्या मिश्रणात काय आहे आणि किती आहे, हे नुसत्या नजरेला कळत नाही. या दोन प्रश्नांची उकल करण्याची वाट सामान्य विद्यार्थ्यासाठी सुगम करणारे शिक्षक म्हणजे कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १८१८ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. औषधालयातील उमेदवारीनंतर १८४० मध्ये ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रयोगांची पुरेशी सोय नसल्याने ते एका औषधनिर्मात्याच्या खासगी प्रयोगशाळेत काम करू लागले. विश्लेषणाचा सुसूत्र क्रम त्यांनी प्रथम स्वतःच्या उपयोगासाठी लिहून काढला. १८४१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

मोजकीच रसायने, पण ठरावीक क्रमाने, हे त्या पद्धतीचे मर्म होते. द्रावणात प्रथम हायड्रोक्लोरिक आम्ल घालून चांदीसारखे धातू अवक्षेपाच्या रूपाने वेगळे करायचे. गाळून उरलेल्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून तांब्याचा गट वेगळा करायचा. आणि असेच पुढे जायचे. एक पायरी अर्धवट राहिली, तर पुढची सारी उत्तरे चुकतात.

गीसेन येथे लीबिग यांचे साहाय्यक म्हणून काम केल्यावर १८४५ मध्ये ते वीसबाडेनच्या कृषी संस्थेत प्राध्यापक झाले. परिमाणात्मक विश्लेषणावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घालायचे, पांढरा अवक्षेप धुऊन, वाळवून तोलायचा. त्याच्या १०० मिलिग्रॅम वजनात सुमारे २४.७ मिलिग्रॅम क्लोरीन असतो. अशा काटेकोर तोलाने त्यांनी वीसबाडेन परिसरातील खनिज झऱ्यांच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजले.

१८४८ मध्ये जर्मनीत राजकीय उलथापालथ चालू असताना त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उघडली. आरंभी विद्यार्थी होते केवळ पाच. १८६२ मध्ये त्यांनी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्यांच्या ग्रंथांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. चिनी भाषेतही अनुवाद झाले.

११ जून १८९७ रोजी वीसबाडेन येथे त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेचा वारसा पुत्रांनी पुढे चालवला. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती घेऊन क्षारातील धातूंचे गट ओळखणारा विद्यार्थी आजही, नकळत, त्यांच्याच वाटेने चालत असतो.