वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. माणसे शहर सोडून जाऊ लागली. त्याच वर्षी हाफकिन मुंबईस आले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत पटकीची लस शोधून काढली होती. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले आणि उष्णतेने मारून त्यांची लस बनविली.

मेलेले जंतू रोग देत नाहीत. परंतु रक्तातील बी-पेशी त्यांना ओळखतात. साहाय्यक पेशींचा इशारा मिळताच त्यांची संख्या वाढते, आणि त्या जंतूंना चिकटणारी प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. काही पेशी ही ओळख जपून ठेवतात. हाफकिन यांच्या काळी बी-पेशी कोणास ठाऊक नव्हत्या. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप चढला, तो उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी पुढे आले.

१९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी एका बाटलीतील लसीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला. ते निर्दोष ठरले १९०७ साली. हा विलंब अन्यायाचाच होय. १९२५ साली मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.