पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

आषाढाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे भातसा नदीच्या कांठीं, विहिरींवर वांकलेल्या झाडांच्या फांद्यांवर सुगरणींची लगबग सुरू होते. खडवलीच्या मुलांना हें दृश्य नवें नाहीं. पावसाळा सरल्यावर खालीं पडलेला रिकामा खोपा घरीं आणून खुंटीला टांगावयाचा, हा तर कित्येक घरांतील रिवाज आहे. परंतु खोप्यांचें काम चाललें असतां एके जागीं बसून, तो बांधतो कोण, त्यांत राहतें कोण, आणि कांहीं खोपे अर्धेच कां राहतात, हें दिवसामागून दिवस पाहण्याची चिकाटी आपल्यापैकीं किती जणांनीं दाखविली असेल? अलिबागेजवळच्या एका खेड्यांत, हातची नोकरी गेली असतां, एका गृहस्थांनीं ती दाखविली. त्यांचें नांव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजीं मुंबईस झाला. मोठ्या कुटुंबांतील हें सर्वांत धाकटें मूल. एक वर्षाचें असतां वडील गेले, तीन वर्षांचें असतां आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतें. त्यांनीं खेतवाडींतील आपल्या घरीं या भावंडांना वाढविलें. सलीमचें पहिलें शिक्षण बहिणींबरोबर गिरगांवांतील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेंत झालें, व पुढें तो सेंट झेवियर शाळेंत गेला. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं.

मामा शिकारी होते. त्यांनीं भाच्याला एक छऱ्याची बंदूक दिली, आणि घराच्या आवारांतील चिमण्यांवर त्याचा नेम बसूं लागला. येथें वाचकांना थोडें वाईट वाटेल. परंतु चरित्रांतील खरी गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्या काळीं असल्या शिकारीला कोणी नांवें ठेवीत नसत. तबेल्याच्या भिंतींतील एका भोंकांत चिमणीनें घरटें केलें होतें. मादी आंत अंड्यांवर बसे व नर बाहेर पहारा करी. गाडीच्या आड लपून सलीमनें नराला मारलें. थोड्याच वेळांत मादीनें दुसरा नर मिळविला व तोही पहाऱ्यावर येऊन बसला. सात दिवसांत आठ नर पडले, आणि प्रत्येकाच्या मागून नवा नर हजर! दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलानें हें केवळ पाहिलें नाहीं, तर लिहून ठेवलें. सुमारें साठ वर्षांनीं तेंच टिपण जवळजवळ जसेंच्या तसें पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेंत छापलें गेलें. मारण्याची हौस पुष्कळ मुलांना असते. पाहिलेलें त्याच दिवशीं टिपून ठेवण्याची संवय फार थोड्यांना असते.

पुढें 1908 च्या सुमारास एक निराळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर हळद लावल्यासारखा पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हें मामांनाही सांगतां येईना. त्यांनीं भाच्याच्या हातीं चिठ्ठी देऊन त्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत धाडलें. ही संस्था 1883 सालीं आठ गृहस्थांनीं स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन मराठी डॉक्टरही होते. त्या वेळचे चिटणीस मिलर्ड नांवाचे साहेब होते. कागदाच्या पुडींत मेलेली चिमणी घेऊन भीत भीत आलेल्या त्या मुलाला त्यांनीं हांकून दिलें नाहीं. ही रानचिमणी असून तिच्या गळ्यावर पिवळी खूण असते, असें त्यांनीं सांगितलें. मग कपाटें उघडून, पेंढा भरून ठेवलेले शेंकडों पक्षी दाखविले, आणि वाचावयाला पुस्तकेंही दिलीं. त्यांतील एक मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांविषयीं होतें. त्याचे कर्ते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे 1851 सालीं साताऱ्यास एका मिशनरी कुटुंबांत जन्मले, व वर सांगितलेल्या आठ संस्थापकांपैकीं ते एक. व्हरांड्यांतून व बागेंतून दिसणारे प्राणी हाच त्यांच्या लिखाणाचा विषय असे. एका कामांत असलेल्या माणसानें अर्धा तास खर्चिला नसता, तर पुढचें चरित्र कसें झालें असतें कोण जाणे.

पालकांनीं पुढील भाग जरा सावकाश वाचावा. हा मुलगा शाळेंत हुशार म्हणून कधीं गणला गेला नाहीं. डोकेदुखीनें त्याचें शिक्षण मध्यें खंडित झालें. हवापालटासाठीं त्याला सिंधमध्यें नातेवाइकांकडे धाडावें लागलें. 1913 सालीं तो मॅट्रिक झाला तो कसाबसाच. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं गणितानें त्याला इतकें गांजलें कीं, तें सोडून तो ब्रह्मदेशांत तवाय येथें, जेथें कुटुंबाचा खाणीचा व इमारती लांकडाचा व्यवसाय होता, तेथें निघून गेला. व्यवसायाची भरभराट झाली नाहीं, पण तेथील रानांत पक्षी पुष्कळ होते. 1917 सालीं परत आल्यावर सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लॅटर यांनीं त्याची खरी आवड ओळखली व त्याला प्राणिशास्त्र शिकण्यास उद्युक्त केलें. 1918 च्या डिसेंबरांत तेहमिना यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

पदवी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यांत त्यांना जागा मिळाली नाहीं. 1926 सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें, प्रेक्षकांना माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून दरमहा 350 रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनीं रजा घेऊन ते बर्लिनला गेले व तेथें प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्र शिकले. 1930 सालीं ते परत येऊन पाहतात तों म्युझियममधील ती जागाच पैशाअभावीं रद्द झालेली! वय चौतिशीला आलेलें, विद्या खरी पण पदवी नाहीं, आणि उत्पन्न तर कांहींच नाहीं. अशा वेळीं ते व तेहमिना मुंबईचा खर्च सोडून अलिबागेजवळ किहीम या समुद्रकांठच्या गांवीं राहावयास गेले.

तेथें घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. दुसरा एखादा मनुष्य त्या पावसाळ्यांत खिडकींत बसून नशिबाला दोष देत राहिला असता. सलीम अलींनीं खोपे मोजले, त्यांवर लक्ष ठेवलें, व कोणत्या खोप्यांत कोणत्या दिवशीं काय घडलें तें लिहीत गेले.

आपल्या भाषेनें या पक्ष्याला सुगरण असें स्त्रीलिंगी नांव दिलें आहे. परंतु खोपा विणणारा नर असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचें डोकें व छाती पिवळीधमक होते. गवताच्या किंवा भाताच्या पातीला तो चोंचीनें खांच पाडतो, तिचें टोंक धरून उडतो, आणि लांबलचक धागा सोलून निघतो. असे शेंकडों धागे गुंफून तो टोपीसारखा अर्धा खोपा तयार करितो आणि तेथें थांबतो. मग माद्या तपासणीला येतात. त्या आंत शिरतात, धागे ओढून पाहतात, पसंत न पडलें तर सरळ निघून जातात. एखादीनें घर पत्करलें म्हणजेच नर पुढील काम हातीं घेतो. अंड्यांची खोली व खालीं लोंबणारी नळी पुरी करितो. मादी अंडीं घालून उबवूं लागली कीं हे यजमान तेथें राहात नाहींत. शेजारींच दुसरा खोपा सुरू करून ते दुसऱ्या मादीची वाट पाहूं लागतात. अशा रीतीनें एका हंगामांत एकाच नराचे अनेक संसार होतात, आणि जे खोपे कोणाच्याच पसंतीस उतरले नाहींत ते अर्धे राहून लोंबत राहतात. आपल्या विहिरीवरील अर्धवट खोप्यांचा उलगडा हा असा आहे. ही सर्व हकीकत त्यांनीं 1931 सालीं सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि नोकरी नसलेल्या या माणसाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वळलें.

कोंकणांतील आंब्यांवर माजणाऱ्या बांडगुळाचेंही कोडें त्यांनीं याच काळांत तपासलें. आपण बांडगूळ कापून टाकतों; तें पुन्हां उगवतेंच. बांडगुळाच्या फुलांतील मध शिंजीर व फुलटोच्या हे पक्षी पितात, आणि त्यांच्या चोंचीनें कळी दाबली गेली म्हणजे ती पटकन् उमलून परागांची देवघेव होते. फळ पिकलें कीं इवलासा फुलटोच्या तें गिळतो. चिकट बी त्याच्या पोटांतून लौकरच बाहेर पडतें व फांदीला चिकटून तेथेंच रुजतें. पाखराला खाऊ मिळतो, बांडगुळाला नवें घर मिळतें, आणि नुकसान आंब्याच्या मालकाचें होतें! पुढें 1932 सालीं त्यांनीं पक्षी व फुलें यांच्या एकंदर संबंधावर एक विस्तृत लेख लिहिला.

या लेखांतील विषय आपल्या दारांतच आहे. माघ-फाल्गुनांत पांगारा, सावर व पळस निष्पर्ण होऊन लाल फुलांनीं बहरतात, तेव्हां साळुंक्या, बुलबुल, कोतवाल सगळे तेथें जमतात व डोक्याला पराग माखून दुसऱ्या झाडावर जातात. पक्ष्यांना चार दाणे टाकावेत, उन्हाळ्यांत पसरट परळांत पाणी ठेवावें, ही आपल्या घरांतील जुनी व चांगली चाल आहे. ती कोणीं सोडूं नये. परंतु दाणे वेंचणारी चिमणी किंवा सुगरणसुद्धां आपल्या कोवळ्या पिलांना पहिले दिवस मुख्यत्वें अळ्या व किडेच भरविते. ज्या आवारांत झुडूप नाहीं, पालापाचोळा नाहीं, पानावर एक अळी नाहीं, तेथें तांदुळाची रास ओतली तरी त्या दाण्यांवर पिलें वाढत नाहींत. पक्षी काय खातात याचा बारीक शोध सलीम अली आयुष्यभर घेत राहिले. पिकांवरील कीड खाणाऱ्या पक्ष्यांचा शेतकऱ्याला किती उपयोग होतो, हें त्यांनीं अनेक वेळां लिहून दाखविलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. त्यांनीं संस्थानिकांकडे एक योजना मांडली: संस्थानानें प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पक्ष्यांची पाहणी विनावेतन करूं. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी एकामागून एक संस्थानें त्यांनीं पायांखालीं घातलीं. तंबूंतील या संसारांत तेहमिना त्यांच्या सोबत असत. 1939 सालीं एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचें निधन झालें. सलीम अली त्या वेळीं बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. ते मुंबईस बहिणीच्या व मेव्हण्यांच्या घरीं राहूं लागले, आणि काम चालूच राहिलें. 1941 सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. रंगीत चित्रांमुळें व सोप्या मांडणीमुळें, शास्त्राशीं कांहींएक संबंध नसलेल्या माणसालाही आपल्या बागेंतील पक्षी ओळखतां येऊं लागला. माझ्या मतें त्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षांही या एका पुस्तकाचे उपकार सामान्य वाचकावर अधिक आहेत. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळांत प्रसिद्ध झाला; शेवटचा खंड निघाला तेव्हां त्यांचें वय 77 होतें.

मानसन्मान पुष्कळ आले, पण उशिरां: 1958 सालीं पद्मभूषण, 1976 सालीं पद्मविभूषण, व 1985 सालीं राज्यसभेवर नेमणूक. 1976 मध्यें मिळालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनीं निसर्गरक्षणाच्या निधीसाठीं दिली. भरतपूरचें पाणथळ व केरळांतील सायलेंट व्हॅलीचें अरण्य राखण्याच्या खटपटींत त्यांचा शब्द वजनदार ठरला. ज्या मुलानें तबेल्यांत आठ चिमण्या पाडल्या, त्याच्याच हातून हें घडलें.

आत्मचरित्र त्यांनीं 1985 सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याचें नांव एका चिमणीच्या पडण्यावरून ठेवलें. इंग्रजी जाणणाऱ्यांना त्यांत शेक्सपिअर दिसेल, आमच्या ख्रिस्ती घरांतील मुलांना मत्तयाच्या शुभवर्तमानांतील चिमण्या आठवतील. पण त्यांच्या मनांत ती पिवळ्या गळ्याची रानचिमणीच होती. 20 जून 1987 रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. ते नव्वद वर्षांचे होते.

महाराष्ट्र सरकारनें 2020 सालापासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. पहिला दिवस अरण्यवाचक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. पुष्कळदां हे दिवस दिवाळीच्या सुटीला लागून येतात. त्या सुमारास सुगरणींचे खोपे रिकामे झालेले असतात, आणि उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी शेपटी हालवीत अंगणांत उतरूं लागलेला असतो. वहीच्या पानावर तारीख व वेळ घालून तो पहिल्यानें कोणत्या दिवशीं दिसला हें लिहून ठेवण्याइतका मोकळा वेळ त्या सुटींत सर्वांनाच असतो.