किल्ल्यातले चर्च आणि संत गोन्सालो



वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या जुन्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. कमानीचे दार आणि दोन्ही बाजूंना दगडी खांब. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा याच येशूसंघीयांकडे शिकला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तोच आपला संत गोन्सालो गार्सिया.

ऐन किशोरवयात तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग तो व्यापारात शिरला, पैसाही मिळवला. पण अंतरीची हाक काही शमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर म्हणून स्वीकारले. तो धर्मगुरू कधीच झाला नाही.

१५९३ साली तो फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून जपानला परतला. सत्ताधीश हिदेयोशीपुढे मिशनऱ्यांचे म्हणणे मांडले ते या वसईकराने. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतोत पकडलेल्यांचे कान कापले गेले आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार केले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले.

इकडे १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. तिकडे नागासाकीत याच २६ हुतात्म्यांच्या नावाने फ्रेंच मिशनऱ्यांनी ओउरा चर्च बांधले. १८६५ च्या फेब्रुवारीत त्याचे आशीर्वादन झाले. १७ मार्चला उराकामी गावचे काही लोक आत आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचे त्यांनी हळूच सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे ना चर्च, ना धर्मगुरू. तरी बाप्तिस्मा आणि प्रार्थना त्यांनी घराघरांत, लपूनछपून जपल्या होत्या.

आपल्या चर्चचे छप्पर गळू लागले की आपण वर्गणी काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. पण घरातली संध्याकाळची रोजरी बंद पडली, तर ती गळती कोणाच्या लक्षात येते? ज्यांच्यापाशी चर्च नव्हते, त्यांनी श्रद्धा राखली. आपल्यापाशी चर्च आहे. आज रात्री जेवणापूर्वी सर्वांनी एकत्र बसून संत गोन्सालोची मध्यस्थी मागूया.

आपला,
धर्मगुरू