डॉ. द्वारकानाथ कोटणीस : माणूस आणि माणुसकी

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• 'आपुलकी' आणि 'माणुसकी' या संकल्पनांतील फरक त्यांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• चरित्रातील व्यक्तीने केलेल्या निवडीचे विवेकपूर्वक मूल्यमापन करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीत 'की' हा प्रत्यय लागून अनेक भाववाचक नामे तयार होतात. पाटलाचा अधिकार आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी म्हणजे पाटीलकी. 'आपला' या शब्दापासून आपुलकी होते. भाऊबंद हे नात्याने सर्वांत जवळचे. परंतु भाऊबंदकी म्हटले की आपल्याला प्रेम आठवत नाही, बांधावरचा तंटा आठवतो. जवळीक माया निर्माण करते तसे वैरही निर्माण करते, हे मनुष्यस्वभावाचे निरीक्षण भाषेने असे एका शब्दात साठवून ठेवले आहे. याच मालिकेतील आणखी एक शब्द म्हणजे माणुसकी. माणूस म्हणून जन्म आपोआप मिळतो; माणुसकी मात्र पाटीलकीसारखी अंगावर घेऊन निभवावी लागते. ती कशी निभवली जाते हे सोलापूरच्या एका डॉक्टराच्या जीवनातून समजून घेऊ.

विषय-विवेचन

१. सोलापूर आणि जडणघडण

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्या काळचे सोलापूर हे कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे गाव होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकाच पेठेत कानावर पडत. १९३०च्या मे महिन्यात येथील आंदोलन दडपण्यासाठी इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवडा तुरुंगात फाशी दिली. या चार नावांकडे पाहिले, तरी या गावातील सहजीवनाची कल्पना येते. कोटणीस यांची तरुण पिढी याच वातावरणात वाढली. त्यांनी मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण घेतले.

२. चीनकडे प्रयाण

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी निधीसाठी आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य. सप्टेंबर १९३८च्या प्रारंभी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झालेले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मदत पाठवणारा देश त्या वेळी स्वतःच पारतंत्र्यात होता आणि दरिद्री होता. आपले दुःख संपल्यावर दुसऱ्याचे पाहू, असा हिशेब त्याने केला नाही.

३. भाषा : परक्याकडे जाणारी वाट

१९३९च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना 'हुआ' हा शब्द जोडला गेला. त्याचा अर्थ चीन. कोटणीस 'के तिहुआ' झाले. पुढे त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की ते त्या भाषेत वैद्यकाचे अध्यापन करू लागले आणि शस्त्रक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तकेही लिहू लागले.

भाषेच्या अभ्यासकाला ही बाब विशेष महत्त्वाची वाटते. जखम बांधण्यासाठी रुग्णाची भाषा यावीच लागते असे नाही. परंतु दुखते कुठे, भीती कशाची वाटते, घरी कोण आहे, हे विचारायचे तर दुभाष्यावर किती काळ विसंबणार? रुग्णाची भाषा शिकणे म्हणजे त्याच्याकडे केवळ शरीर म्हणून न पाहता बोलणारा, सांगणारा माणूस म्हणून पाहणे होय. परक्याविषयीची करुणा क्षणभर सर्वांनाच वाटते. ती टिकवण्यासाठी अशी खडतर मेहनत घ्यावी लागते.

४. निकटचे कर्तव्य आणि दूरचे कर्तव्य

चीनमध्ये असतानाच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ते परतले असते तर कोणी दोष दिला नसता. पथकातील इतर सदस्यही टप्प्याटप्प्याने मायदेशी परतलेच. कोटणीस मात्र राहिले आणि अधिक धोक्याच्या आघाडीकडे गेले.

या निर्णयाचा केवळ गौरव करून थांबणे अभ्यासकाला शोभणारे नाही. सोलापुरातील घराने आधी कर्ता पुरुष गमावला आणि पुढे मुलगाही. त्या घराच्या बाजूने पाहिल्यास हा त्याग त्यांनी मागितलेला नव्हता. त्याच वेळी आघाडीवरील जखमींसाठी दुसरा डॉक्टर सहज उपलब्ध नव्हता. दोन्ही कर्तव्ये खरी होती आणि एक निवडले की दुसऱ्याला इजा होणारच होती. अशा प्रसंगी निर्दोष वाट नसते. निवड करणे आणि तिची किंमत जाणून ती पार पाडणे एवढेच माणसाच्या हाती असते.

५. अखेरची वर्षे

कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून हे याच सैन्यासाठी काम करीत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आली. त्याआधी १९४०च्या लढायांत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

१९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचर्या-क्षेत्रातील क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. प्रकृती खालावत असतानाही कोटणीस यांचे काम व लेखन सुरूच राहिले. अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे होते आणि दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले होते.

पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. १९६२ मध्ये भारत व चीन यांच्यात युद्ध झाले. तरीही दोन्ही देशांत कोटणीस यांची स्मृती टिकून राहिली. चीनमध्ये शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात त्यांचे स्मारक आहे.

सारांश

आपुलकी 'आपले' कोण हे आधी ठरवते आणि मग माया करते. माणुसकी त्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकते. कोटणीस यांनी आपुलकी नाकारली नाही. परक्यांची भाषा शिकून, त्यांच्यात घर करून त्यांनी तिचे वर्तुळ रुंदावले. त्यांना मरण आले ते बंदुकीच्या गोळीने नव्हे, तर आजाराने. त्यामुळे त्यांच्या जीवनाचे मोल कमी होत नाही. दुबळे शरीर, दुभंगलेले कर्तव्य आणि अपुरे काम घेऊनही माणुसकी निभवता येते, हे त्यातून कळते.

स्वाध्याय

१. 'माणुसकी' आणि 'भाऊबंदकी' या शब्दांच्या आधारे मनुष्यस्वभावातील विरोध स्पष्ट करा.
२. डॉ. कोटणीस यांच्या सेवाकार्यात चिनी भाषेच्या ज्ञानाचे स्थान विशद करा.
३. वडिलांच्या निधनानंतर न परतण्याचा निर्णय आपल्याला योग्य वाटतो का? दोन्ही बाजू मांडून सुमारे १५० शब्दांत उत्तर लिहा.

उपक्रम

आपल्या परिसरातील परभाषक शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करा आणि आलेला अनुभव एका पानात लिहून काढा.