खाली थांबलेला माणूस

ट्रेकच्या आदल्या दिवशी माझा पाय मुरगळला. सगळे हाऊस डोंगरावर गेले आणि मी एकटा एमआय रूमच्या खाटेवर राहिलो. आपला कोणाला काही उपयोग नाही, असे वाटत होते. त्या दिवशी वाचनालयातल्या एका पुस्तकात मला ब्लेझ पास्कल भेटला. दाबाचे एकक म्हणून त्याचे नाव आपण वहीत लिहितो, पण माणूस म्हणून तो मला ठाऊक नव्हता.

पास्कलचा जन्म 19 जून 1623 रोजी फ्रान्समधील क्लेर्माँ येथे झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी त्याला घरीच शिकवले. पुढे वडील करवसुलीचे अधिकारी झाले. त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून 1642 मध्ये त्याने बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. प्रकृती मात्र कायम नाजूकच होती.

त्याच सुमारास इटलीत तोरिचेल्ली यांनी पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायला लावली. पारा थोडा उतरला आणि सुमारे 76 सेंटीमीटरवर थांबला. त्याला कोण धरून ठेवते? निसर्गाला पोकळी चालत नाही म्हणून, असे बरेच विद्वान मानत. तोरिचेल्लींच्या मते ते काम बाहेरच्या हवेचे वजन करत होते. पास्कलने विचार केला, डोंगरावर गेल्यास डोक्यावरची हवा कमी होते. हवेचे वजन पारा धरत असेल, तर वर तो उतरलाच पाहिजे.

क्लेर्माँजवळ 1,465 मीटर उंचीचा प्युई द दोम डोंगर होता. पण पास्कल पॅरिसमध्ये होता आणि आजारी होता. त्याने नोव्हेंबर 1647 मध्ये मेहुणे फ्लोरँ पेरिए यांना पत्र लिहिले. 19 सप्टेंबर 1648 रोजी पेरिए निघाले. मठाच्या बागेत त्यांनी दोन नळ्यांतील पारा मोजला. तो सारखाच होता. एक नळी तिथेच ठेवून शास्तँ नावाच्या धर्मगुरूंना तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला सांगितले. दुसरी शिखरावर नेली. तिथे पारा सुमारे साडेआठ सेंटीमीटर खाली आला! पेरिए यांनी जागा बदलून पाच वेळा मोजले, उत्तर तेच आले. परतल्यावर कळले, शास्तँ यांच्या नळीतला पारा दिवसभर जराही हलला नव्हता.

मी इथे थांबलो. खाली कोणी नसते, तर हवामान बदलले म्हणून पारा उतरला, असे कोणीही म्हटले असते.

पुढे पास्कलने पॅरिसमधील उंच मनोऱ्यावरही हा फरक पाहिला. 19 ऑगस्ट 1662 रोजी, अवघ्या 39 व्या वर्षी तो गेला. आज आपल्याला माहीत आहे की 5,500 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो. म्हणूनच सियाचीनला जाणारे जवान टप्प्याटप्प्याने वर चढतात.

संध्याकाळी मुले परतली. वर चिप्सची पाकिटे फुगली होती, असे एकाने सांगितले. का फुगली, ते त्याला खाटेवरूनच मी समजावले.